लोडाच्या मापाचा स्वेटर

लांगचाचे पणजोबा कैझर हे हुगळीकाठच्या एका ताग गिरणीच्या मोठ्या साहेबांकडे होते आणि साहेबांच्या आधी जेवत. आजोबा लाटसाहेब हे कृष्णनगरच्या एका वकिलांच्या ओसरीवर असत. ज्या अशिलावर ते भुंकत, त्याचा दावा वकील घेत नसत, अशी त्यांची पारख होती. वडील नवाब यांच्यापाशी मात्र घराणे थोडे घसरले. ते एका मिठाईवाल्याच्या गल्ल्याखाली वाढले आणि ताज्या छेन्यावर पोसले गेल्याने लांबीपेक्षा रुंदीकडे अधिक झुकले. अशा कुळात लांगचा जन्मला. जातीने डॅशुंड, म्हणजे लांबी भरपूर आणि उंची जवळजवळ नाहीच. मी त्याचे नाव विक्रमादित्य ठेवणार होते. आमच्या कर्त्यांनी, म्हणजे यजमानांनी, त्याला प्रथम पाहिले तेव्हा ते शक्तिगडची लांगचा नावाची ती लांबट, तपकिरी, पाकात मुरलेली मिठाई खात होते. त्यांनी हातातल्या लांगच्याकडे पाहिले, मग पिल्लाकडे पाहिले, आणि नाव ठरून गेले. चंदननगरात आमच्या, नियोगींच्या, घरी माझा शब्द चालतो. फक्त खाण्याच्या वेळी चालत नाही.

आता कुत्र्याला स्वेटर कशाला, असे विचारणारे लोक असतात. ते आमच्या गावाचे नसतात. दुर्गापूजा उरकली, काली विसर्जन झाले, जगद्धात्रीचा मंडप उतरला की आमच्याकडे माणसे आकाशाकडे पाहून गळ्याला मफलर गुंडाळू लागतात. पौष महिन्यात तर मासळीवाल्यापासून न्यायाधीशापर्यंत सर्वांच्या डोक्यावर डोळे आणि नाक तेवढे उघडे ठेवणारी माकडटोपी असते. अशा गावात एक म्हातारा होऊ लागलेला, आखूड केसांचा, पोट जमिनीला टेकणारा प्राणी उघड्या अंगाने हिंडू देणे ही आमच्या घराण्याला शोभणारी गोष्ट नव्हती. पण एवढ्याने मी सुया हातात घेतल्या नसत्या. सुया घ्याव्या लागल्या त्या कनकलता सोममुळे.

कनकचे घर आमच्या अगदी समोर. तिच्या सज्जातून आमचे स्वयंपाकघर दिसते आणि ती ते पाहते. आमचा बाबुन माध्यमिक परीक्षेला बसला त्या हिवाळ्यात मी घाटाच्या पायरीवरून घसरले आणि माझे उजवे मनगट मोडले. मुलाला त्या वर्षी स्वेटर होणार नव्हता. कनकने कोणी न सांगता त्याला बाटलीच्या हिरव्या रंगाचा स्वेटर विणून दिला. तो इतका नेमका बसला की बाबुन दोन वर्षे तो अंगातून काढीना. तेव्हापासून मी तिची देणेकरी आहे. मी विसरायला तयार होते. तिने विसरू दिले नाही. पहिले धुके पडले की ती सज्जातून हाक मारणार, "दीदी, तो बाटलीहिरवा आठवतो का हो? काय बसला होता पोराला!"

मी फेड करायचा प्रयत्न केला नाही असे नाही. गुलाबी कार्डिगन विणून दिले, तिने घालून पाहिले आणि म्हणाली, "खांद्यात ओढतंय, दीदी." पुढल्या खेपेला राखाडी विणले. "गळा मोठा झाला. वारा शिरतो." त्यानंतरचे निळे काखेत टोचत होते. मी दिलेली हिलसा मासळी तिला बरोबर बसत असे, मी पाठवलेले पिठे, म्हणजे तांदळाची गोड पक्वान्ने, तिला बरोबर बसत, फक्त माझा स्वेटर तिला कधी बसला नाही. आणि जो बसला नाही तो फेडीत धरायचा नाही, असा तिचा न्याय.

या वर्षी पौष लागताच लांगचा अंगणात थोडासा शहारला. थोडासाच. पण समोरचा सज्जा जागा होता.

"अगं बाई! दीदी, लांगचा कुडकुडतोय! राहू दे, तुमचे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत. मीच विणते त्याला एक."

मी चहाची बशी खाली ठेवली. बाबुनच्या स्वेटरचे देणे डोक्यावर असताना कुत्र्याच्या स्वेटरचे आणखी एक! उरलेल्या आयुष्यात मला त्या सज्जाकडे मान वर करून पाहता आले नसते.

"तसदी घेऊ नकोस, कनक," मी म्हणाले. "त्याचा स्वेटर सुयांवर चढलाय. संघाच्या खेळांना तो घालूनच येईल."

आमच्या पाड्यातला नवारुण संघ दरवर्षी संक्रांतीच्या आधीच्या रविवारी पोखराकाठच्या, म्हणजे तळ्याकाठच्या मैदानात खेळ भरवतो. यंदा चिटणीस बादल धर यांनी त्यात पाळीव जनावरांची फेरी घातली होती. म्हणजे सगळ्या गावासमोर. मी स्वतःहून स्वतःला मुदत घालून घेतली होती, आणि सुयांवर अजून एक टाकासुद्धा नव्हता.

माप घ्यायला बसलो. आमची बौमा, म्हणजे सूनबाई, सुदेष्णा हल्लीच्या मुलींसारखी प्रत्येक गोष्ट फोनमध्ये विचारते.

"मा, इथे लिहिलंय, तीन मापं लागतात. गळा, पुढच्या पायांच्या मागून छाती, आणि मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठ. छातीचं माप सगळ्यात महत्त्वाचं. आणि नर असेल तर पोटाखालून आखूड ठेवायचं."

"ते का?"

बौमाने सासऱ्यांकडे पाहिले. सासऱ्यांनी वर्तमानपत्र डोळ्यांच्या वर नेले.

"कळेल तुम्हाला, मा," ती म्हणाली.

मी टेप घेतली. लांगचाने समजूत करून घेतली की आज त्याच्यासाठी नवा खेळ आणला आहे. गळ्याचे माप घेताना त्याने माझी नथ चाटली. छातीला टेप लावताच तो उताणा पडला, आणि उताण्या लांगचाची छाती उभ्या लांगचाच्या छातीहून फारच उदार निघाली. पाठीचे माप घेऊ लागले तेव्हा तो टेपेचे दुसरे टोक तोंडात धरून पलंगाखाली गेला. टेप परत आली ती आखूड होऊन.

अशा वेळी वयाचा उपयोग होतो. दुर्गापूजेतल्या अष्टमीच्या दिवशी बौमाने काढलेला एक फोटो मला आठवला. लांगचा आमच्या कोलबालिशच्या, म्हणजे कुशीत घेऊन झोपायच्या लांब लोडाच्या, शेजारी पडला होता, आणि लोड कोणता आणि कुत्रा कोणता हे फक्त शेपटीवरून कळत होते. तीच लांबी, तीच गोलाई. लोड चाटत नाही, उताणा पडत नाही, पडला तरी फरक पडत नाही. मी लोडाचे माप घेतले. पाय कुठे यावेत ते खडूने आखले. मग लोकर आणली, गडद लाल आणि काठाला मोहरीपिवळी, आणि दुपारची झोप सोडून विणायला बसले.

स्वेटर पुरा झाला त्या दिवशी मी तो आधी लोडावर चढवला. अंगणात शेजारच्या घोषालगिन्नी होत्या, बागची डॉक्टर होते आणि सज्जात कनक होती. स्वेटर लोडावर असा बसला की एक सुरकुती नाही.

"वा, काकीमा!" बागची म्हणाले. "एकदम मापात!"

मग लांगचाला बोलावले. तो मागच्या बाजूने आत शिरला आणि बराच वेळ कुठूनच बाहेर आला नाही. स्वेटर मात्र अंगणभर फिरत होता. अखेर गळ्यातून डोके निघण्याऐवजी एका पायाच्या भोकातून सबंध लांगचा बाहेर आला आणि अंग झाडून उन्हात बसला.

"मोठा झाला काय हो, दीदी?" वरून आवाज आला.

"ढगळच ठेवलाय," मी म्हणाले. "आत बनियन घालायचाय."

घरात येऊन मी लोडाकडे रोखून पाहिले, आणि मग आठवले. अष्टमी झाली, त्यानंतर पिंजारी आला. तो दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी येतो, धनुकली वाजवत कापूस पिंजतो आणि रजया, गाद्या, लोड भरून देतो. यंदा मी स्वतः त्याच्या डोक्याशी उभी राहून सांगत होते, "आणखी भर! कंजूषपणा करू नकोस, आणखी भर!" त्याने भरला होता. फोटोतला लोड आणि मापाचा लोड हे दोन वेगळे लोड होते. आमच्या कर्त्यांनी वर्तमानपत्राआडून विचारले, "पुढल्या वर्षी लांगचालाही भरून घेऊ का?" त्या दिवशी त्यांना माशाच्या मधल्या तुकड्याऐवजी शेपूट वाढले.

आता उसवून पुन्हा विणायला दिवस उरले नव्हते, म्हणून सल्ल्यांना सुरुवात झाली. घोषालगिन्नींनी सांगितले की उकळत्या पाण्यात घाला, आटेल. मी घातला. तो आटला नाही. मी स्वस्त लोकर घेत नाही, त्याचे हे फळ. बागची डॉक्टर होमिओपॅथीचे. त्यांनी लांगचाला साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या, "थंडीच वाजणार नाही, मग कपडा कशाला?" लांगचाने गोळ्या खाल्ल्या, पुडीही खाल्ली आणि नंतर नेमका डॉक्टरांच्याच बुटांवर ओकला.

बौमाने मला न विचारता फोनवरून एक तयार स्वेटर मागवला. तो आला. पाठीला बरोबर, गळ्याला बरोबर, छातीला मात्र माझ्या अंगठ्याला होईल एवढा. आणि बटण लावले तर शिंक आली की उडणार. तरी आम्ही घातला. लांगचाने एक पाऊल टाकले नाही. तो मूर्तिवत उभा राहिला, डोळे समोर, शेपूट खाली, जणू कुणीतरी अंगणात त्याचा पुतळा उभारला आहे. आमच्या कर्त्यांनी बिस्किट दाखवले. पुतळा हलला नाही. स्वेटर काढला आणि पुतळा बिस्किट घेऊन पळाला. "कापड कुठे बोचतंय ते त्याला बोलता येत नाही, म्हणून तो थांबून सांगतो," बौमा म्हणाली. हे तिने फोनमध्ये न पाहता सांगितले, म्हणून मी ऐकून घेतले.

मग मी लाल स्वेटर घेऊन श्रीगंधेश्वरी टेलर्सकडे गेले. विश्वंभर दास यांनी आमच्या घरातल्या तीन लग्नांचे पंजाबी कुर्ते शिवले आहेत आणि तिन्ही वेळा वऱ्हाड निघाल्यावर दिले आहेत. त्यांनी लांगचाला काउंटरवर उभे केले, चष्मा लावला आणि मापे घेतली. कंबर घेतली. नितंब घेतले. मग गंभीर होऊन विचारले, "काकीमा, खिसा डावीकडे घेऊ की उजवीकडे?"

"विश्वंभर, तो खिशात काय ठेवणार?"

"तो काय ठेवेल ते मला नका विचारू. खिसा नसला की कपड्याला मान नसतो. कॉलर?"

"नको. आणि लोकरीचा स्वेटर आहे तो, कापड नाही. फक्त लहान करून दे. रविवारपर्यंत."

"रविवार?" त्यांनी कॅलेंडरकडे पाहिले, मग लांगचाकडे दया आल्यासारखे पाहिले. "सरस्वती पूजेनंतर या."

मी स्वेटर परत घेतला. दुकानाबाहेर कनक भाजीची पिशवी घेऊन उभी होती.  तिच्या पिशवीतून कोबीशेजारी हिरव्या लोकरीचा गुंडा डोकावत होता, आणि तो तिने मला दिसेल असाच ठेवला होता.

त्यातच संघाची अडचण निघाली. बादल धर घरी आले, चहा घेतला, संदेश मिठाईचे दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाले, "काकीमा, एक घटनात्मक प्रश्न आहे. कुत्र्याने कपडा घातला तर तो जनावरांच्या फेरीत की 'जसं वाटेल तसं सजा' या सोंगांच्या स्पर्धेत?"

"तो सजलेला नाही, बादल. तो थंडीसाठी झाकलेला आहे."

"तेच तर ठरवायचंय. सोंग की कपडा? आम्ही उपसमिती नेमली आहे."

उपसमितीने दोनदा बसून, आमच्याच घरचा चहा पिऊन, असा निर्णय दिला की अंगाला नीट बसतो तो कपडा आणि बसत नाही ते सोंग. म्हणून लांगचाचा स्वेटर मैदानावर पाहून ठरवू. आयुष्यभर मी या गावात पंगतीत वाढणाऱ्यांना हुकूम सोडले. आता तीन निवृत्त कारकून माझ्या विणकामाला सोंग म्हणणार की नाही, यावर माझी अब्रू लटकली होती.

रविवारी सकाळी मी स्वेटरला चुण्या घातल्या. पाठीवर आठ-दहा सेफ्टी पिना, पोटाखाली बौमाच्या साडीच्या काठाची फीत, गळ्याला आमच्या कर्त्यांच्या पायजम्याची नाडी. लांगचा एखाद्या नीट बांधलेल्या पार्सलासारखा दिसत होता, पण चालत होता. पुतळा झाला नाही, हे मोठे यश.

मैदानावर दव होते. हीच गोष्ट मी धरली नव्हती. पोट जमिनीला टेकणारा प्राणी दवाच्या गवतातून चालला की त्याचा स्वेटर दव पितो. लाल लोकर प्यायली, जड झाली, लोंबू लागली. उपसमिती खुर्च्यांवर वही घेऊन सरसावून बसली होती. त्यांच्यासमोर येताच लांगचाने थांबून बादल धर यांच्या खुर्चीच्या पायाला मान दिला, आणि नराच्या पोटाखाली आखूड का ठेवायचे, हे मला सर्वांदेखत कळले. मग पहिली पिन सुटली. दुसरी सुटली. फीत सुटली. स्वेटर मागे मागे पसरत गेला, लांगचा पुढे पुढे निघाला, आणि शेवटी लाल पायघड्या घालून त्यावरून उतरावे तसा तो स्वेटरातून उतरला आणि तळ्याकडे धावला. घाटावर कोणीतरी मासे धूत होते.

"सोंग!" उपसमितीतले एक जण म्हणाले.

"धरा! धरा त्याला! थंडी बाधेल!" कनक ओरडली, आणि हे मी कबूल केलेच पाहिजे, सगळ्यांच्या आधी तीच धावली. तिने पहिल्या पायरीवर लांगचाला गाठले, वाकली, त्याला धरले, आणि शेवाळावरून दोघेही नाहीसे झाले. लांगचा लगेच तोंडात मासा घेऊन वर आला. कनक उशिरा आली.

तिला वर काढले तेव्हा तिचे दात वाजत होते. गावातल्या साऱ्या शाली एकदम पुढे झाल्या. मी सगळ्यांना मागे सारले. बौमा आणि घोषालगिन्नींनी धरलेल्या चादरींच्या आडोशाला तिची ओली साडी सोडली, बादल धरांच्या बायकोची कोरडी साडी गुंडाळली.

"शाल घसरते," मी म्हणाले. "हात वर कर, कनक."

"दीदी, तो तर कुत्र्याचा..."

"हात वर!"

तिने हात वर केले. माझ्याकडे होता तो लाल स्वेटर. बौमाने आणि मी दोन टोकांना धरून त्यातले दव पिळून काढले होते, आणि चांगली लोकर ओलसर असली तरी ऊब धरते. मी तो तिच्या डोक्यावरून ओढला. पुढच्या पायांच्या भोकांतून तिचे हात आले. गळा गळ्यावर बसला. खांद्यात ओढला नाही. काखेत टोचला नाही. मागच्या दोन भोकांचे काय करावे, असा क्षणभर प्रश्न पडला. बौमाने एकातून साडीचा पदर घातला, दुसऱ्यातून बाहेर काढला आणि कमरेशी खोचला, आणि तो जणू त्यासाठीच ठेवल्यासारखा दिसला.

 उपसमिती उठून उभी राहिली. बादल धर जवळ आले, गोल फिरून पाहिले आणि वहीत लिहीत म्हणाले, "कपडा. निःसंशय कपडा."

लांगचाचे पुढे काय झाले तेही सांगते. घरी आणून पुसल्यावर तो दिसेनासा झाला. आमच्या कर्त्यांचा फार जुना पूर्ण बाह्यांचा स्वेटर खुर्चीवर पडला होता. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी विणलेला. लांगचा त्याच्या बाहीत शिरला होता, मनगटाच्या पट्टीतून डोके आणि खांद्याच्या बाजूने शेपूट. कुठे ढगळ नाही, कुठे घट्ट नाही, आणि तो आतमध्ये घोरत होता. कर्त्यांनी त्याच्याकडे पाहिले, कात्री मागवली आणि स्वतःच्या स्वेटराची बाही खांद्यापासून कापून त्याला देऊन टाकली. मी पुढच्या पायांसाठी दोन छेद दिले, काठ विणून घेतले, आणि या खेपेला पोटाखालून आखूड ठेवले. कर्ते सध्या एका बाहीचा स्वेटर घालून बसतात. वर्तमानपत्र बाही असलेल्याच हाताने धरतात.

कनकला दोन दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी उतरला. मी आल्याचा चहा घेऊन गेले तेव्हा ती अंथरुणात बसून होती, लाल स्वेटर अंगात. तिने तो तापातही काढू दिला नव्हता, असे तिच्या मोलकरणीने सांगितले. बाजूला सुयांवर चार ओळी विणलेली हिरवी लोकर होती.

"कमरेचं दुखणं गेलं हो, दीदी," ती म्हणाली. "या उबेनं. कधीपासून होतं."

"खांद्यात?"

तिने खांदे हलवून पाहिले. पुढे झाली, मागे झाली, हात वर केले, खाली घेतले. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. इतक्या हिवाळ्यांत पहिल्यांदाच तिला काही सापडत नव्हते.

"नाही ओढत," ती म्हणाली.

"गळा?"

"बसलाय."

"काखेत?"

 मग तिने सुया ओढून घेतल्या आणि हिरवी लोकर सरसर उसवली, गुंडा करून माझ्या हातात ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवून, पण मोलकरणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "बाबुनचा फिटला."